उसना गडी

पाडव्याच्या सकाळी आमच्याकडे फराळाला चार सद्गृहस्थ जमले होते. एक वकील, एक सेवानिवृत्त प्राध्यापक, एक कापसाचे व्यापारी, आणि चौथे म्हणजे यवतमाळात ज्यांना सगळे नुसते 'अध्यक्ष' म्हणतात पण कशाचे अध्यक्ष हे कुणी विचारीत नाही, असे एक गृहस्थ. चिवड्याची पहिली बशी संपेपर्यंत कापसाचा भाव झाला, दुसरी संपेपर्यंत नगरपालिका झाली, आणि अनारशाला हात घालता घालता अध्यक्षांनी तो प्रश्न काढला, जो यंदा दत्त चौकातल्या टपऱ्यांवर चघळून चघळून चोथा झाला आहे. पुढच्या मोसमात आपल्या कॉलेजच्या कबड्डी संघाकडून चढाई कोण करणार?

"त्यात काय एवढे?" व्यापारी म्हणाले, "आणू एखादा गडी बाहेरून. प्रथम वर्ष कलाशाखेत नाव घालू. खोलीभाडे मी देतो."

तिघांनीही माना डोलावल्या. प्राध्यापकांनीसुद्धा डोलावली, याचे आम्हांला विशेष वाईट वाटले. आम्ही विरोध केला, थोडा आवाजही चढला, आणि सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून सौभाग्यवतींनी मध्ये चहा आणून ठेवला. ते अर्धे राहिलेले भांडण आम्ही येथे पुरे करणार आहोत. कॉलेजचे नाव आम्ही घेत नाही. घेण्याची गरजही नाही, कारण हा फराळ यवतमाळात झाला तसा पुसदला, वणीला, दारव्ह्याला, उमरखेडलाही झाला असणार.

आधी परिस्थिती सांगतो. गेली तीन वर्षे ज्या एका मुलाच्या जिवावर हा संघ उभा होता, त्याचे शिक्षण संपले. तो खरोखर मोठा गुणी. उजव्या कोपऱ्यावर चालून जायचे, टाच मारल्यासारखे करायचे आणि अंग फिरवून मध्यरक्षकाच्या छातीला हात लावून परत यायचे, ही त्याची चढाई ज्यांनी पाहिली ते ती विसरणार नाहीत. परंतु या एका मुलाने संघाचे जितके भले केले तितकेच, त्याचा काही दोष नसताना, नुकसानही केले. तीन वर्षे दुसऱ्या कुणाला चढाई शिकवावी असे कुणालाही वाटले नाही.

ज्यांना हा खेळ केवळ दूरदर्शनच्या पडद्यावर पाहून ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडतो. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. एका चढाईला तीस सेकंद. म्हणजे चाळीस मिनिटांत जास्तीत जास्त ऐंशी चढाया, त्यांपैकी आपल्या वाट्याला चाळीस. एका मुलाने त्यांतल्या पंचवीस करायच्या म्हटले आणि दिवसात दोन सामने आले, तर पन्नास वेळा त्याने सात जणांच्या तोंडात एकट्याने जायचे. हे झाले नुसत्या दमाचे. खरी गोम पुढे आहे. चढाई करणाऱ्याची पकड झाली की तो बाहेर बसतो. आपल्या संघाने समोरचा एक गडी मारला की आपला एक गडी उठतो, हा या खेळाचा मूळ कायदा. मग आपला एकुलता एक चढाईपटू बाहेर बसला असेल तर त्याला उठवायचे कुणी? उरलेले सहा जण मध्यरेषेवर जाऊन 'कबड्डी कबड्डी' म्हणत परत येतात, आणि पाहता पाहता लोण चढतो. यंदाच्या सामन्यात नेमके हेच झाले. आमचा वाघ दुसऱ्या डावात पाच मिनिटे बाहेर बसला होता आणि त्या पाच मिनिटांत आमच्यावर लोण बसला. लोक म्हणाले, 'नशीब फिरले.' नशिबाचा यात काय संबंध? ज्या घरात एकच कमावता असतो त्या घराचे, तो आजारी पडला की जे होते, तेच येथे झाले.

मोठ्यांचेही असेच होते. १९९० साली बीजिंगला कबड्डी एशियाई खेळांत आली, तेव्हापासून पुरुषांचे सुवर्णपदक भारताने कधी सोडले नव्हते. ते २०१८ साली जाकार्ताला गेले. उपान्त्य सामन्यात इराणने आपल्याला २७–१८ असे हरविले. त्या सामन्यात आपला कर्णधार आणि प्रमुख चढाईपटू अजय ठाकूर जखमी झाला होता. उलट बाजूचे उदाहरण पाहा. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा संघाला २८–२५ असे हरवून प्रो कबड्डीचे विजेतेपद पहिल्यांदा मिळविले. त्या संघात चढाई कोण करीत होते? कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. एक थकला की दुसरा, एक बसला की तिसरा. त्यांतला अस्लम हा नगर जिल्ह्यातल्या एका गावचा, गरिबीतून वर आलेला मुलगा. त्याला कुणी उसना आणला नव्हता. तो कुठेतरी मातीत खेळत होता आणि कुणाच्या तरी नजरेने तो वेळेवर हेरला.

आता आमच्या मैदानावर चला. आम्ही पावसाळा सोडून वर्षभर संध्याकाळी तेथे जाऊन बसतो, त्यामुळे जे पाहिले तेच लिहितो. चढाईसाठी तीन मुले आहेत.

पहिला दिग्रसकडचा. उंच, हाडापेराने सडपातळ, हात लांब. बोनस रेषेवर पाय टाकण्यात हा पटाईत. समोर सहा किंवा सात गडी असले की हा गेला आणि गुण घेऊन आला असे समजा. पण समोर पाचच उरले की बोनस बंद, आणि बोनस बंद झाला की या मुलाचे डोके बंद. शिवाय बोनसच्या गुणाने आपला बसलेला गडी उठत नाही, हे प्रेक्षकांना माहीत नसते. ते टाळ्या वाजवतात आणि मुलालाही वाटते आपण मोठे काम केले. त्याला हाताचा स्पर्श शिकविला पाहिजे. हात देवाने दिलेलेच आहेत, ते पुढे करायचे एवढेच शिकायचे आहे.

दुसरा बाभुळगावकडचा. हा नुसता धसमुसळा. तीन जणांच्या मिठीतून मध्यरेषेपर्यंत घसटत येण्याची त्याची ताकद आहे, आणि त्याच ताकदीने त्याचा घात केला आहे. आत शिरताना परत कसे यायचे याचा तो विचार करीत नाही. दर सामन्यात त्याचा घोटा एकाच बाजूच्या कोपरारक्षकाच्या हाती सापडतो. ही खोड एका मोसमात सुटण्यासारखी आहे, पण ती सुटायला समोर चांगला कोपरारक्षक रोज उभा पाहिजे. आणि आमच्याकडे पकडीला कुणी विचारतच नाही. सगळ्यांना चढाई करायची असते, कारण फोटो चढाईचा निघतो.

तिसऱ्याबद्दल आम्हांला जरा जास्त लिहायचे आहे. हा घाटंजी तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. उंची बेताची, वजन त्याहून बेताचे. प्रथमदर्शनी कुणीही त्याला पाणी आणायला पाठवील, आणि दोन वर्षे तसे पाठवलेही. पण या मुलाच्या पायात काय आहे ते पाहण्यासाठी मैदानाच्या बाजूला नव्हे, मागच्या रेषेच्या मागे उभे राहावे लागते. तो उजवीकडे पाहतो आणि डावा पाय सरकवतो. सरकवतो म्हणजे असा, की कोपऱ्यातल्याला वाटते हा मागे हटला, आणि तेवढ्यात अंगठ्याचे टोक त्याच्या पावलाला लागून गेलेले असते. पंचालासुद्धा वाकून पाहावे लागते. हे कुणी शिकविलेले नाही. तुऱ्हाट्या आणि काटेकुट्यांतून अनवाणी पळणाऱ्या मुलांना पाय कुठे टाकायचा याचे जे ज्ञान असते, तेच हे. जाणकार माणसाने एक वर्ष मन लावून शिकविले, तर हा मुलगा विद्यापीठाच्या संघात जाईल असे आम्ही छातीला हात लावून सांगतो.

आणि या मुलाने यंदा सहा आठवड्यांत फक्त अकरा दिवस सराव केला.

का? अध्यक्ष म्हणतात, "शिस्त नाही. या पोट्ट्यांना शिस्तच नाही." आम्ही त्याला विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, साडेसहाची गाडी गेली का मंग घरी कसा जाऊ?" सराव पाच वाजता सुरू होतो आणि सात वाजता सुटतो, कारण प्रशिक्षकांना पाचपर्यंत नोकरी आहे. मुलाची एसटी साडेसहाला सुटते. या दोन वाक्यांत त्याची सगळी बेशिस्त आली. कधी तो अर्ध्या सरावातून पळत स्थानकावर गेला, कधी येणेच टाळले. पुढे आश्विनात कापूस फुटू लागला, सीतादही झाले, आणि तो आठ दिवस दिसलाच नाही. एकदा आम्ही त्याच्या घरी गेलो होतो. वडील वावरातून आले, पाणी दिले, आणि जे बोलले त्याला आमच्याजवळ आजही उत्तर नाही. "पोरगं खेयते चांगलं, मले मालूम हाय सायेब. पन कापूस येचाले मजूर भेटत नाही. खेय थांबते, कापूस थांबत नाही."

आणि कापसाच्या आधी फवारणी असते. चढाई म्हणजे दम. आता घड्याळ लागले असले तरी एका श्वासात अखंड 'कबड्डी' म्हणत राहण्याची अट सुटलेली नाही. ज्या मुलाचा दम आम्हांला पुढच्या मोसमात हवा आहे, तो मुलगा श्रावण-भाद्रपदात पाठीवर पंप घेऊन खांद्याइतक्या वाढलेल्या कपाशीत औषध मारीत फिरतो, आणि तोंडाला बांधायला त्याच्याजवळ आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा असतो. २०१७ सालच्या पावसाळ्याअखेर याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात पडले. सगळ्या देशाची वर्तमानपत्रे तेव्हा यवतमाळला आली होती. सणासुदीच्या अंकात हे काढल्याबद्दल वाचक रागावतील, पण चढाईपटूच्या छातीची चर्चा करायची आणि त्या छातीत काय जाते ते सांगायचे नाही, हे आम्हांला जमण्यासारखे नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की उणीव गड्यांची नाही. उणीव आहे ती साडेसहाच्या गाडीनंतर राहायला लागणाऱ्या एका खाटेची. आणि खोलीभाड्याला पैसे नाहीत असेही नाही! व्यापारी महाशयांनी अनारसा खाता खाता ते देऊ केलेच होते. फक्त ते परगावच्या मुलाला देऊ केले होते. परगावचा मुलगा येईल, त्याला खोली मिळेल, खानावळ मिळेल, दूध-अंडी मिळतील, बूट मिळतील, सामन्याच्या दिवशी मोटार मिळेल. वर्गात त्याचे तोंड कुणी पाहणार नाही. तो आपल्याला चषक देईल आणि पुढच्या वर्षी ज्याचे खोलीभाडे मोठे असेल त्याच्याकडे जाईल. त्यालाही आम्ही दोष देत नाही. तोही कुणाच्या तरी वावरातूनच आला आहे. पण तो गेल्यावर आपल्याकडे काय उरते? काचेच्या कपाटात एक चषक, आणि पाणी आणून देणारा तांड्यावरचा एक पोरगा.

वकीलसाहेबांनी येथे एक मुद्दा काढला, आणि तो टाळण्यासारखा नाही. "भाऊसाहेब, खेळून पोट भरते का? मग स्थानिक काय आणि बाहेरचा काय?" वकिलांनी तरी हे विचारायला नको होते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत हे त्यांना ठाऊक आहे. त्या जागेसाठी ठराविक दर्जाच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते, आणि प्रमाणपत्रापर्यंत पोहोचायचे तर आधी संघात नाव लागते. संघात बारा नावे असतात, मैदानात सात उतरतात. एक नाव उसने आले की एक नाव खाली जाते. ते नाव कुणाचे असते हे चिवडा खाणाऱ्या चौघांपैकी कुणाच्या घरी कळत नाही, घाटंजीकडच्या एका तांड्यावर मात्र कळते. ज्या घरात कुणी कधी शासनाचा पगार पाहिला नाही, त्या घरातून जाणारी ती एक वाट आपण चषकासाठी बुजवतो. आणि वर म्हणायचे, 'खेळून पोट भरते का?'

प्राध्यापकांचा युक्तिवाद जरा विद्वत्तापूर्ण होता. ते म्हणाले, बाहेरचा चांगला गडी आला की त्याच्याबरोबर खेळून आपलीही मुले शिकतात. तत्त्व म्हणून हे आम्ही मान्य करतो. तथापि आम्ही अशी दोन वर्षे डोळ्यांनी पाहिली आहेत. त्या दोन वर्षांत आमच्या मुलांनी एकच गोष्ट शिकली, ती म्हणजे बाजूला बसून टाळ्या कशा वाजवाव्यात.

याच सुमारास चहाचे कप उचलायला सौभाग्यवती आल्या आणि सहज विचारून गेल्या, "आणि मुलींच्या संघाकडून चढाई कोण करणार आहे?" चौघेही एकमेकांकडे पाहू लागले. आम्हांलाही लाज वाटली, कारण एवढा वेळ तावातावाने बोलूनही आम्ही तो विषय काढला नव्हता. मुलींच्या संघात नेर परसोपंतकडची एक मुलगी आहे. तिच्या चढाईबद्दल आम्ही वेगळे लिहिणार आहोत, येथे दोन ओळींत तिची बोळवण करणे बरे नव्हे. एवढेच सांगतो, की तिच्या घरी पुढच्या मोसमाची चर्चा चालू आहे ती लग्नाच्या मोसमाची.

वास्तविक वऱ्हाडच्या माणसाने या खेळाविषयी इतके लाचार का व्हावे? येथून नव्वद-शंभर किलोमीटरवर अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेला तो आखाडा. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकाने परदेशी लोकांना आपले देशी खेळ करून दाखविले, आणि त्यांत हुतुतू होता. त्या वेळी त्यांनी गडी कुठून उसने आणले होते? येथल्याच मातीतली मुले होती. आज आम्ही १५ जुलैला बुवा साळवींच्या जयंतीला कबड्डी दिन करतो. नारळ फुटतो, भाषणे होतात, फोटो निघतो. १६ जुलैला मैदानात घोट्याएवढा चिखल असतो आणि पोरे पायरीवर बसून मोबाइलमध्ये दुसऱ्यांची कबड्डी पाहतात.

मातीचे नाव निघाले म्हणून सांगतो. आमची मुले मातीत शिकतात आणि मोठे सामने होतात मॅटवर. मातीत अनवाणी पाय थोडा घसरतो, आणि त्या घसरण्याच्या हिशेबानेच मुलाने वळण बसवलेले असते. मॅटवर बूट घातलेला पाय रुतल्यासारखा धरला जातो. अंग फिरते, पाय फिरत नाही, आणि मग गुडघा जातो. बाभुळगावकडच्या मुलाचा गुडघा यंदा असाच सुजला. आमच्या मुलांपैकी पाच जणांनी मॅट प्रथम पाहिली ती सामन्याच्या सकाळी. एवढे असून ती हरली म्हणून आम्ही त्यांच्यावर रागावतो! प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाल्यापासून गावोगाव खुल्या सामन्यांच्या बक्षिसांचे आकडे फलकावर वीतभर अक्षरांत लागतात. त्यांतल्या एका सामन्याच्या मंडपाच्या आणि ध्वनिक्षेपकाच्या खर्चात आमच्या सगळ्या मुलांचे बूट झाले असते. आम्ही हे त्या मंडळींना बोलून दाखविले. त्यांनी आम्हांला शाल आणि श्रीफळ दिले.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. व्यापारी महाशयांनी खोलीभाडे द्यावे, आणि जूनपासून द्यावे. त्या खोलीत तीन खाटा टाकाव्यात, दिग्रसची, बाभुळगावची आणि घाटंजीची. सकाळी सहाला सराव ठेवावा, म्हणजे प्रशिक्षकांची नोकरीही सांभाळते. आठवड्यातून दोन दिवस मॅट मिळेल तेथे मुलांना न्यावे, भाड्याची गाडी लागली तर आम्ही वर्गणी देऊ. फवारणीच्या दिवसांत निदान या तिघांना चांगले मुखाच्छादन, हातमोजे आणि चष्मा संघाच्या पैशातून द्यावा, आणि त्यांनी तो वापरला की नाही हे प्रशिक्षकांनी घरी जाऊन पाहावे. कापूस वेचायच्या आठ दिवसांत त्या मुलाच्या घरी दोन मजुरांची मजुरी द्यावी. ही शेवटची गोष्ट ऐकून अध्यक्ष खो-खो हसले. "कबड्डीसाठी कापूस वेचायचा? भाऊसाहेब, तुम्ही आता लिहायला लागा." म्हणून लिहिले.

वकीलसाहेब जाताना दारात थांबले आणि त्या मुलाच्या तांड्याचे नाव विचारून घेतले. कशासाठी ते सांगितले नाही. व्यापारी महाशय मात्र जोडे घालता घालता म्हणाले, "बघू, जूनपर्यंत वेळ आहे." वेळ जूनपर्यंत नाही, हे आम्ही त्यांना सांगितले. जूनमध्ये पेरणी असते, आणि एकदा तो मुलगा तिफणीमागे लागला की कार्तिकापर्यंत त्याला वावरातून बाहेर काढता येत नाही. जे ठरवायचे ते उन्हाळ्याआधी त्याच्या वडिलांपुढे बसून ठरवले पाहिजे. भाऊबीज झाली की आम्ही घाटंजीकडे जाणार आहोत. गाडीत एक जागा रिकामी आहे. प्राध्यापकांना आम्ही विचारले आहे, त्यांचा निरोप अजून आलेला नाही.